काय लावू विचारता, आधी काय काढायचं ते बघू

पावसाळा सरला की या सदराचं टपाल वाढतं. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. जो तो विचारतो, काय लावू, काय बसवू, कुठलं केमिकल मारू? जुन्या घरांचं निम्मं दुखणं गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपणच त्यांच्यावर जे चढवलं त्यातून आलेलं असतं, त्यामुळे माझी उत्तरं काहींना उलटी वाटतील. पत्रं लांब होती, मी कापली आहेत. नावं गाळली आहेत, इंदूरचे मोहल्ले ठेवले आहेत.

प्रश्न: मल्हारगंजात आमचा पणजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे. विटा-चुन्याच्या भिंती, वर सागवानी कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. माजघराच्या आणि देवघराच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरी पूड पडते. मागे वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, दोन वर्षं बरं गेलं. आता ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफ केमिकल मारून चार फुटांपर्यंत टाइल्स लावा, कटकट मिटेल. धाकटा भाऊ म्हणतो, पाडून तीन मजली बांधू. काय करावं?

उत्तर: कटकट मिटेल हे खरं, पण ठेकेदाराची. टाइल्स लागल्या की ओल दिसणार नाही, त्याचं बिल निघेल, आणि एक-दोन पावसाळ्यांनी पाणी टाइल्सच्या वरच्या कडेला, तुमच्या डोळ्यांच्या रेषेत डोकं काढेल.

जुन्या भिंतीत जोत्याच्या पातळीला पाणी अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून आपोआप वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत. वाडा बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. चुन्याच्या गिलाव्यातून आणि चुन्याच्याच सफेदीतून ते पाणी वाफ होऊन निघून जायचं, भिंत ओली व्हायची आणि वाळायची. सिमेंटनं ती वाट बंद केली. मग पाणी वाट शोधत आणखी वर गेलं आणि सोबत जमिनीतले क्षार घेऊन गेलं. पांढरी पूड म्हणजे तेच, लोणा. हे क्षार गिलाव्याच्या पाठीमागे वाळतात, त्यांचे खडे होतात, आणि ते खडे गिलावा आतून ढकलून पाडतात. वडिलांच्या कामानंतर दोन वर्षं बरं होतं यात नवल नाही, पाण्याला वर पोचायला तेवढा वेळ लागला.

आज संध्याकाळी एवढं करा. बोटाच्या पेरानं भिंत ठोकत चला. जिथे आवाज पोकळ येईल तिथे पेचकस घालून एक खपली उचला. तळहाताएवढी राखाडी खपली निघेल आणि तिच्या पाठीला विटेचा लाल भुगा चिकटलेला असेल. म्हणजे सिमेंटनं पडता पडता विटेची कातडीही ओढून नेली. मागची वीट अंगठ्यानं दाबा. ओल्या बिस्किटासारखी दबली तर तिथे वीट बदलावी लागेल, कडक असेल तर नशीब.

आता पाणी येतं कुठून ते बघा. तुम्ही लिहिलंय की रस्त्यावरून घरात यायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता एक आहे. पायऱ्या कुठे जात नाहीत. दर डांबरीकरणाला जुन्या थरावर नवा थर पडला आणि रस्ता वर आला, वाड्याचं जोतं त्यात बुडालं. शिवाय परसात तुम्ही काँक्रीट ओतलंत, चिखल नको म्हणून. पूर्वी उघड्या मातीतून उडून जाणारी ओल आता काँक्रीटखालून सरकत भिंतीच्या पायाशी जाते, कारण वर यायला तेवढीच जागा उरली आहे. भिंतीलगत दोन फुटांची पट्टी फोडा, हातभर खणा, गिट्टी भरा, उतार भिंतीपासून दूर द्या. गच्चीचा पाइप त्या कोपऱ्यात सुटतोय तो बाहेर गटारीपर्यंत न्या. न्हाणीच्या भिंतीतला नळ तपासा. हे न करता गिलाव्याला हात लावू नका.

मग सिमेंटचा गिलावा काढा, ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत. सांध्यांतला भुसभुशीत चुना खरवडा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून टाका. पाण्यानं धुऊ नका, धुतले की ते परत आत जातात. आणि मग भिंत उघडी ठेवा, हिवाळा आणि उन्हाळा पूर्ण. दिवाळीला पाहुणे येतील, येऊ द्या. भिंत वाळल्याशिवाय लावलेला चुनाही टिकत नाही, आणि इंदूरचा कोरडा उन्हाळा हे काम फुकटात करतो.

नंतर चुन्याचा गिलावा करा. मुरवलेला चुना एक भाग, रेती तीन भाग, खालच्या थरांत थोडी रेती कमी करून विटेची भुकटी, म्हणजे सुरखी. थर पातळ, दोन थरांत काही दिवसांचं अंतर, आणि तोवर गोणपाट ओलं. वरून चुन्याची सफेदी. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळं मुसळ केरात. चुन्याचे मिस्त्री मिळत नाहीत असं म्हणू नका. होळकरांच्या राजवाड्याच्या दुरुस्तीत चुन्याचं काम झालं आहे, त्यावर राबलेले हात शहराच्या आसपास आहेत. गूळ, मेथी, बेलफळ, उडीद यांचे नुस्खे जो जास्त रंगवून सांगतो त्याला आधी विचारा, चुना किती दिवस मुरवतोस? उत्तर ‘हो जाएगा भिया’ असं आलं तर दुसरा मिस्त्री बघा.

धाकट्या भावाला दोन गोष्टी सांगा. तुमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत, वाडा पाडला की त्यांची घरं एका अंगानं उघडी पडतील आणि पुढची दोन वर्षं बांधकामापेक्षा भांडणात जातील. दुसरं, तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे पेचकस टोचून बघा. लाकूड तिथेच कुजतं. खणखणीत ठक् आवाज आला आणि पेचकसाचं टोक आत गेलं नाही, तर तुमच्या डोक्यावर जे सागवान आहे ते आजच्या भावानं विकत घेऊन कोणी घर बांधत नाही.

प्रश्न: निपानियाच्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचं आहे. इंटीरियरवाला म्हणतो, सहाच इंचाची भिंत आहे, एका दिवसात पाडतो.

उत्तर: आजच थांबवा. इथे माझा काढण्याचा आग्रह चालत नाही. बऱ्याच नव्या टॉवरांत अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. तशी इमारत असेल तर ती सहा इंचाची भिंत म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट आहे आणि वरचे मजले तिनंही उचलले आहेत. बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, आणि ते येईपर्यंत त्या भिंतीत पाइपसाठी झिरीसुद्धा पाडू देऊ नका. ड्रॉइंगमध्ये भिंत भार न घेणारी निघाली तरी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. आणि हिंग-मोहरीची फोडणी सोफ्याच्या गाद्यांत किती दिवस राहते हे ओपन किचनवाल्या एखाद्या मैत्रिणीला विचारून घ्या.

प्रश्न: राजवाड्याजवळ आमचं लाकडी खांबांचं घर आहे. रस्ता रुंदीकरणात पुढचे अकरा फूट गेले, म्हणजे ओटला (दारापुढचा ओटा), पडवी आणि वरची लाकडी गॅलरी. आता समोर कापलेल्या तुळया लोंबताहेत, आम्ही पत्रे ठोकले आहेत. मुलाला पुढून काच आणि पॅनेल लावून एलिव्हेशन करायचं आहे. तुमचं मत?

उत्तर: मत नंतर. आधी प्रत्येक कापलेल्या तुळईखाली टेकू द्या, खाली जाड फळी घालून. याच आठवड्यात. फोटोत मला पाच तुळया दिसतात आणि टेकू दोनच आहेत. तुळई दोन टेकणांवर बसवलेली असते. पुढच्या ओळीचे खांब गेले तेव्हा पुढचं टेकणही गेलं, आणि आता वरच्या खोलीचं वजन नुसत्या लोंबत्या टोकांवर आणि मागच्या भिंतीवर आलं आहे. वरच्या खोलीत कपाटं असतील तर ती मागे सरकवा. पुढच्या खिडकीशी बसून चहा पिणं काही दिवस बंद.

मग नवी खांबांची ओळ लागेल. लोखंडी चालेल, लाकडीच हवी असा माझा हट्ट नाही. पण तिचा पाया स्वतंत्र हवा, जुन्या जोत्यावर बसवायचा नाही. आपली जमीन काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. मुरूम लागेपर्यंत खणा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. तुळयांची कापलेली तोंडं साफ सरळ करवतून घ्या, वाळवीचं औषध आणि जवसाचं तेल पाजा, वर पत्र्याची टोपी बसवा. लाकूड कापल्या तोंडातून जितकं पाणी पितं तितकं अंगातून पीत नाही.

आता मुलाच्या एलिव्हेशनबद्दल. सराफ्यापासून जेल रोडपर्यंत फिरून बघा. रुंदीकरणात पुढून कापलेल्या घरांवर चिकटवलेली चकचकीत पॅनेलं कितीतरी दिसतील, मागे घर कसंही असो. स्वस्तातल्या पॅनेलांच्या गाभ्यात जळणारं प्लास्टिक असतं आणि तुमच्या मागे सगळं लाकूड आहे. राजवाड्याचे वरचे मजले लाकडी होते, १९८४ च्या आगीत मागचा भाग कसा जळाला ते तुमच्या घरातून दिसलं असणार. पॅनेल नको.

त्याऐवजी एक सुचवते, ऐकून राग येईल. अकरा फूट गेलेच आहेत, खाली आणखी चार फूट स्वतःहून सोडा. वरचा मजला कापलेल्या रेषेपर्यंत राहू दे, नवे खांब त्या रेषेवर येऊ देत, आणि खालची भिंत चार फूट आत घ्या. म्हणजे तुम्हाला परत ओटला मिळतो. सध्या तुमचं माजघर थेट रस्त्यावर आलं आहे, हॉर्न आणि धूळ देवापर्यंत. मध्ये चार फुटांची सावली आली तर आतली खोली माजघर राहते. पुढे दुकान काढलंत तरी गिऱ्हाईक पावसात उभं राहतं ते अशाच ठिकाणी. वर गॅलरी परत करायची असेल तर जुन्या कठड्याचे तुकडे विकले नसतील ना? विकले नसतील तर ते खिडक्यांत बसवा. नवे कोरून ‘वाडा लूक’ मात्र करू नका.

मोजमाप आणि नवी हद्द लेखी, सही-शिक्क्यानिशी हातात असल्याशिवाय पाया खणू नका. मोबदल्याचा प्रश्न वकिलाकडे न्या, तो माझा विषय नाही.

रुंदीकरण हवं की नको या वादात मी इथे शिरत नाही. पण पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकारानं १९१८ साली होळकर दरबाराला या शहराचा दोन खंडी अहवाल दिला होता. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते घालण्याच्या तो विरोधात होता. पडकी घरं तेवढी काढा, त्या जागी छोटे चौक होऊ द्या, बाकी वस्ती राहू द्या, असं त्याचं म्हणणं. प्लेगच्या त्या काळात त्यानं दिवाळीची एक मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या वाटेनं न जाता, ज्या गल्ल्यांनी आपली घरं सर्वांत चांगली झाडून-दुरुस्त केली असतील त्यांतून जाईल. म्हणे गल्ल्यांमध्ये चढाओढ लागली. आज कोणी तसं केलं तर नंदलालपुऱ्याची एक गल्ली मी आत्ताच सुचवीन.

प्रश्न: वरच्या मजल्यावर कडीपाट आणि त्यावर जुना मातीचा थर, वर शहाबादी आहे. फरशी उंच-सखल झाली आहे, सासूबाई अडखळतात. त्यावरच व्हिट्रिफाइड टाइल्स लावू का?

उत्तर: दोन इंच सिमेंट-रेतीचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो. दहा बाय बाराच्या खोलीत अकराशे किलोंच्या वर, टाइल्स वेगळ्या. एवढी माणसं तुम्ही त्या खोलीत कधी बसवली आहेत का? उलट करा. शहाबादी उचला, खालची माती काढा, बहुतेक तीन-चार इंच निघेल. फळ्या तपासा, सडलेल्या बदला, वर हलका कोरडा थर घालून पातळ लाकडी किंवा प्लायची फरशी करा. घर हलकं होईल आणि फरशी सपाट. गच्चीवरची हजार लिटरची टाकी कडीपाटावर ठेवली असेल तर तीही खाली आणा, एक टन पाणी आहे ते. खालच्या मजल्यावरच्या नक्षीदार सिमेंटच्या फरशा विचारल्या नाहीत, तरी सांगते, त्यांना अॅसिड लावू नका.

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात, आधुनिक काही बघायचं असेल तर चंदीगडला जा, अहमदाबादला जा. इंदुरात खरंच काही नाही?

उत्तर: ज्यांनी सांगितलं ते माणिक बाग महालावरून रोज जात असतील. १९३० साली इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर बाविशीचे होते आणि त्यांनी बोलावलेला जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस सव्विशीचा. तुझ्यापेक्षा फार मोठे नव्हते दोघे. बाहेरून साधं, आत पोलाद, काच आणि त्या काळच्या युरोपातलं सर्वांत नवं फर्निचर, असं घर या शहरात उभं राहिलं. बरंचसं सामान जहाजानं आलं. ते फर्निचर १९८० मध्ये मोंटे कार्लोच्या लिलावात गेलं आणि आज जगाच्या संग्रहालयांत आहे. इमारतीत सरकारी कराचं कार्यालय आहे. कॉलेजचं पत्र घेऊन जा, आणि आत शिरायला मिळालं तर खिडक्यांच्या कड्या आणि दारांच्या मुठी बघ. आपल्याकडे इमारत वाचते आणि आतलं जातं, हे मला अजून पचत नाही.

दुसरं ‘अरण्य’. एबी (आग्रा-मुंबई) रोडच्या बाजूला, वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी आखलेली वस्ती, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचे. गरिबांना तयार घर न देता जोतं, नळ आणि संडास-न्हाणीचा गाभा दिला, बाकी घर ज्यानं त्यानं पैसे येतील तसं वाढवायचं. १९९५ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. नमुन्याची जी ऐंशी घरं दोशींच्या कार्यालयानं बांधली ती बघायला सगळे जातात. तू बाकीची बघ. एका गल्लीच्या दोन टोकांना उभी राहून स्केच कर. कुठे ओटला दुकान झाला, कुठे बाहेरचा जिना आत घेतला, कुठे गॅलरीला जाळी लागली. पुस्तकातले फोटो रिकाम्या गल्लीचे आहेत. संध्याकाळी जा, तेव्हा ओटल्यांवर बसायला जागा नसते, आणि दोशींनी गल्लीची रुंदी तेवढीच का ठेवली हे न विचारता कळतं. स्केच करताना कोणी चहा विचारेल, नको म्हणू नकोस, घर आतून बघायला मिळतं.

प्रश्न: सुदामा नगरात १९८५ च्या सुमाराचं आमचं स्लॅबचं घर. बेडरूमच्या छताचे तुकडे पडतात, सळ्या दिसतात. प्लास्टर करून खाली फॉल्स सीलिंग लावलं तर चालेल का? वर गच्चीवर दोनदा कोबा केला आहे.

उत्तर: पलंग त्या खोलीतून आजच हलवा.

सळीवर पाऊण इंच काँक्रीट हवं होतं, त्या काळच्या घाईच्या कामांत पाव इंचही नसायचं. हवा आणि ओल आत गेली, सळी गंजली. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटचा पोपडा ढकलून खाली पाडतो. त्यावर प्लास्टर म्हणजे पडायला नवा माल. आणि फॉल्स सीलिंग म्हणजे सळ्या गंजत राहतील आणि तुम्हाला दिसणार नाही.

सुरुवात वरून. दोनदा कोबा म्हणजे स्लॅबवर दुप्पट वजन, आणि दोन थरांच्या मध्ये साचलेलं पाणी. दोन्ही थर काढा, स्लॅब उघडा करून भेगा बघा. मग खालून टेकू देऊन सैल काँक्रीट सळीच्या पाठीमागेपर्यंत तासा, सळी चकाकेपर्यंत घासा. बारीक झाली असेल तर बाजूला नवी सळी जोडावी लागेल, किती आणि कुठे ते इंजिनिअर सांगेल. गंजरोधक लेप, पॉलिमरचं मॉर्टर, आणि वर एकच नीट उताराचं वॉटरप्रूफिंग. एक खोली पडकी दिसते म्हणून एकच खोली करू नका. हातोडीनं सगळ्या घराचं छत ठोकून घ्या, जिथे पोकळ वाजेल तिथे खडूनं गोल काढा आणि मग अंदाजपत्रक मागा. ठेकेदारानं खोली न बघता चौरस फुटाचा भाव सांगितला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

फॉल्स सीलिंग हवंच असेल तर हे सगळं झाल्यावर, एक पावसाळा बघून. आणि त्यात बाथरूमच्या बाजूला एक उघडणारं झाकण ठेवा, टॉर्च घेऊन वर डोकावता येईल एवढं.